सातवीचं विज्ञान, शनिवारपर्यंत

मुलीला घरीच शिकवायचं हे ठरवायला मुद्रितशोधकाला एक संध्याकाळ पुरली होती. विज्ञानाचं पुस्तक ठरवायला सहा आठवडे पुरेनात.

भाषेचं पुस्तक त्यानं दुकानात उभ्या उभ्या घेतलं. गणिताचं बायकोनं घेतलं, कारण गणितात त्याचं मत कुणी विचारत नसे आणि तोही ते देण्याच्या भानगडीत पडत नसे. इतिहासाची त्यानं मुद्दाम दोन घेतली, एकमेकांच्या उरावर बसणारी. इतिहासात मतभेद शोभून दिसतात, असं त्याचं म्हणणं. विज्ञानाचं तसं नाही. तिथं खरं ते एकच, तेव्हा पुस्तकही एकच हवं आणि ते बिनचूक हवं. घोडं अडलं ते इथं.

बिनचूक हा त्याचा धंदाच होता. तो छापखान्यासाठी प्रूफं तपासायचा: औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पुस्तिका, बसची वेळापत्रकं. यंत्र कसं चालतं हे त्याला कधी कळलं नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. पहिल्या पानावर ‘झाकण’ असेल तर नवव्या पानावर ‘टोपण’ चालणार नाही, एवढं त्याला कळे. छापखान्याचा एक नियम होता. दोन प्रतींत फरक पडला आणि लिहिणारा हाताशी नसला, तर जी प्रत आधी वाचली तिच्याप्रमाणे दुसरी करून टाकायची. या नियमावर त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं आणि आजवर एकाही यंत्रानं तक्रार केली नव्हती.

मुलगी बारा वर्षांची. घरात तिला भुंगी म्हणत, कारण विचार करताना ती गुणगुणायची. गाणं नव्हे, नुसता बारीक आवाज, शेजारच्या खोलीत काहीतरी चालू राहिल्यासारखा. शाळेत याचा इतरांना त्रास होई, म्हणून शाळेनं तो बंद केला. त्याबरोबर विचार करणंही बंद झालं असावं, कारण वर्षअखेरीस भुंगीच्या प्रगतीवर शाळा खूश होती. घरी मात्र ती जेवताना गप्प, खेळताना गप्प, काही विचारलं तर ‘काही नाही’. शेवटी आईबापांनी तिला शाळेतून काढलं. घरी बसल्यावर दुसऱ्या आठवड्यात इतिहासाची दोन पुस्तकं पोटावर ठेवून पडल्या पडल्या ती पुन्हा गुणगुणायला लागली, तेव्हा तिच्या आईनं हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवलं आणि नवऱ्याला खूण केली, की ऐका.

शाळा परकी नव्हती, हीच पंचाईत होती. तिथली मुख्याध्यापिका म्हणजे मुद्रितशोधकाची थोरली बहीण, भुंगीची आत्या. स्वतः वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलेली. घरातली शाळा हे भावाच्या डोक्यातलं आणखी एक खूळ आहे आणि बाकीच्या खुळांसारखं तेही ओसरेल, या भरवशावर तिनं भुंगीची जागा रिकामी ठेवली होती.

भुंगीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट, तिच्यात एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं: हे स्पष्ट, की हे? दिवसभर एवढंच. जगातला कुठलाही प्रश्न दोन भिंगांत मिटवता येतो अशी तिची समजूत होती आणि नवऱ्याचा स्वभाव पाहता ती कमालीची सौम्य समजूत होती. सहा आठवडे तिनं वाट पाहिली. मग एका सकाळी डबा भरता भरता तिनं सांगून टाकलं, की शनिवारी विज्ञानाचं पुस्तक ठरलेलं नसलं तर सोमवारी भुंगी शाळेत जाईल. अर्धी शाळा घरी आणि अर्धी हवेत, हे तिला चालणार नव्हतं. भुंगी दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचा तो बारीक आवाज थांबला.

मुद्रितशोधक त्याच दिवशी पुस्तकवाल्याकडे गेला. पुस्तकवाला भला माणूस. त्यानं सातवीची तीन पुस्तकं काढून विश्वासावर घरी नेऊ दिली. एक ठेवा, दोन परत आणा, म्हणाला. फक्त बघून आणलीत तरी बघितल्यासारखी दिसायला नकोत.

तिन्हींना घरात लगेच नावं पडली. एक जाडं. त्यात प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं आणि उत्तराखाली चौकटीत तेच उत्तर पुन्हा होतं. दुसरं रंगीत. त्यात बेडकाचं चित्र इतकं सुरेख होतं, की शेजारचा मजकूर वाचायचा धीर होत नसे. तिसरं पातळ. त्याचा कागद खरखरीत, चित्रं रेघांची आणि वाक्यांमागून वाक्यं प्रश्नचिन्हानं संपणारी.

भुंगीनं विचारलं, मी बघू का? तो म्हणाला, थांब, अजून तपासायची आहेत.

पहिल्या दिवशी त्यानं जाडं वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, अगदी फिकट खुणा करत. स्वल्पविराम कमी होते. एका तक्त्याचा क्रमांक चुकला होता. रंगीत पुस्तकाच्या मध्यावर पेन्सिलीचं टोक मोडलं. खिशात लाल शाईचं पेन होतं. हात आपण होऊन खिशात गेला, टोपण आपण होऊन निघालं आणि पुढची बरीच पानं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता पुस्तक बघितल्यासारखं दिसतंय. मग संकोच कशाचा? पातळ पुस्तक त्यानं सरळ लाल पेन घेऊनच उघडलं.

खरी गोची मेणबत्तीच्या पानावर झाली. हे पान तिन्ही पुस्तकांत होतं. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, भोवती पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून वर काचेची बरणी पालथी घालायची. थोड्या वेळानं मेणबत्ती विझते आणि पाणी बरणीत वर चढतं. इथवर तिघांचं जमत होतं. का चढतं, यावर फाटलं. जाडं म्हणत होतं, आतला प्राणवायू जळून संपतो आणि त्याची जागा पाणी घेतं. रंगीत म्हणत होतं, ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी काठाखालून निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. पातळ काहीच म्हणत नव्हतं. ते विचारत होतं: पाणी केव्हा चढलं, ज्योत असताना की विझल्यावर? आता दोन मेणबत्त्या लावून पाहा. आता तीन लावून पाहा. काय फरक पडला?

फरक पडणं हीच मुद्रितशोधकाच्या दृष्टीनं चूक होती. लिहिणारे हाताशी नव्हते. जाडं त्यानं आधी वाचलं होतं. तरी हलगर्जीपणा नको म्हणून त्यानं ताईला फोन लावला. ताईनं क्षणाचाही विचार न करता प्राणवायू सांगितला आणि मग विचारलं, की तू हे आज का विचारतोस, पुस्तक अजून ठरलं नाही की काय? त्यानं शनिवारची मुदत सांगून टाकली. ताई म्हणाली, बरं, शनिवारी येते.

फोन ठेवून त्यानं रंगीत पुस्तकातली गार हवा लाल रेघेनं खोडली आणि समासात सुवाच्य अक्षरात प्राणवायू लिहिला. पातळ पुस्तकात उत्तर छापायचंच राहून गेलं होतं, ते त्यानं भरलं. एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन, हा सरळसरळ पाल्हाळ होता. तो त्यानं काढून टाकला. काम संपल्यावर त्याला बरं वाटलं. तिन्ही पुस्तकं आता एका सुरात बोलत होती.

शनिवारी दुपारी ताई आली. पंख्याखालची खुर्ची तिची असल्यासारखी तिनं घेतली. बायको दुकानातून लवकर आली होती. चहा झाला. भुंगी टेबलाच्या कडेला हाताची घडी घालून बसली होती, शाळेत बसतात तशी. मुद्रितशोधकानं तिन्ही पुस्तकं टेबलावर ओळीनं मांडली आणि आपली अडचण सांगितली: ठरवणं कठीण झालंय, कारण तिन्ही आता सारखीच चांगली झालीत.

“झालीत म्हणजे?” बायकोनं विचारलं.

तो म्हणाला, किरकोळ दुरुस्त्या केल्या.

बायकोनं रंगीत पुस्तक उघडलं. मग पातळ उघडलं. लग्नानंतर तिनं त्याला आलेल्या पत्रांतही लाल खुणा पाहिल्या होत्या. तिनं खुर्ची ओढली, भुंगीला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि दुकानात बोलते त्याच आवाजात म्हणाली, की वडिलांना ठरवता येत नसेल तर जिला वाचायचंय तिला विचारू. रंगीत आणि पातळ पुस्तकांत जे पान सर्वांत लाल होतं तेच तिनं तिन्हींत उघडलं. जाडं समोर धरलं, मग काढून रंगीत धरलं.

“हे स्पष्ट, की हे?”

भुंगीनं वाचलं. “सारखंच.”

आईनं पातळ धरलं. “आणि हे?”

“तेच. फक्त हे बाबांच्या अक्षरात आहे.”

दुकानात असं कधी होत नसे. तिन्ही भिंगांतून सारखंच दिसलं तर माणसाला चष्मा लागत नाही, किंवा कुणीतरी तिन्ही खाचांत एकच भिंग घालून ठेवलेलं असतं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं.

ताईला मात्र यात वावगं काही दिसेना. तीन पुस्तकं एकच सांगतायत म्हणजे ते बरोबरच असणार, असं ती म्हणाली.

“तीन नाही, आत्या,” भुंगी म्हणाली. “एकच पुस्तक सांगतंय. बाकीची दोन म्हणजे बाबाच आहेत.”

बायकोनं पुस्तकं मिटून एकावर एक ठेवली. म्हणाली, निवडायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. इथं एकच उरलीय. म्हणजे पुस्तक ठरलेलं नाही आणि आज शनिवार आहे. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच मुद्रितशोधकाची अडचण होती. रागावली असती तर समजूत काढता आली असती. ताईनं आवाज मऊ करून भुंगीला विचारलं, की गणवेश अजून अंगाला होतो ना? नाहीतर उद्याच उसवून घ्यावा लागेल.

भुंगीनं चवडीतलं पातळ पुस्तक खालून ओढून काढलं आणि मेणबत्तीचं पान नाकाशी धरलं. बापाची रेघ सरळ होती, पण शाई पातळ. खालची अक्षरं दिसत होती. ती ओठ हलवत वाचत राहिली. मग म्हणाली, “आई, मेणबत्त्या कुठे आहेत?”

चाचणीला नाही म्हणणं तिच्या आईच्या रक्तात नव्हतं. दिवे गेल्यावर लागणाऱ्या मेणबत्त्या तिनं खणातून काढल्या आणि सुरीनं आखूड केल्या. खोल ताटली आली, लोणी ठेवायची रुंद काचेची बरणी रिकामी होऊन आली. बरणीतलं पाणी लांबून दिसणार नाही, असं भुंगीचं म्हणणं पडलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं, नवऱ्याच्या टेबलावरची लाल शाईची दौत उचलली आणि ताटलीत बरीचशी ओतली. नवऱ्याचा हात अर्धवट पुढे आला आणि मागे गेला.

पहिली मेणबत्ती पेटली. भुंगीनं बरणी पालथी घातली. बरणीच्या काठाखालून दोनचार बुडबुडे निघाले. ज्योत जळत होती आणि लाल पाणी होतं तिथंच होतं. ज्योत बारीक झाली, निळी झाली, विझली, धुराची एक रेघ वर गेली आणि तेव्हा कुठे पाणी झरझर आत चढलं.

“चढलं ना? झालं तर मग,” ताई म्हणाली.

भुंगीनं पाण्याच्या पातळीवर बरणीला रबर लावलं. मग बरणी धुतली, पुसली, ताटलीत तेवढंच पाणी भरलं आणि दुसरी मेणबत्ती पहिलीशेजारी उभी केली. या वेळी बुडबुडे जास्त निघाले. ज्योती विझल्या. पाणी रबरापर्यंत आलं आणि तिथं न थांबता वर गेलं.

भुंगी गुणगुणायला लागली. तिला ते कळलं नसावं.

“आत्या, बरणी तीच आहे ना?”

“तीच आहे.”

“म्हणजे आत प्राणवायूही तेवढाच.”

“तेवढाच.”

“मग पाणी जास्त का?”

ताईनं पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकून बरणीकडे पाहत राहिली. मेणबत्त्यांत काहीतरी खोट असेल, असं तिनं म्हणून पाहिलं, पण स्वतःलाच न पटल्यासारखं. मग तिनं उरलेल्यांतली एक मेणबत्ती उचलली, साडीच्या पदराला शाई लागणार नाही असा तो खोचला आणि तिसरी स्वतः लावली. बरणी तिनंच पालथी घातली. पाणी आणखी वर गेलं. बराच वेळ ती त्या लाल पाण्याकडे पाहत राहिली, इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. शेवटी म्हणाली, “इतकी वर्षं मी हा प्रयोग फळ्यावर केला. फळ्यावर तो नेहमी बरोबर यायचा.”

हे ती कुणाला उद्देशून बोलली नाही. मुद्रितशोधकाला मात्र धुणाऱ्या यंत्रांच्या त्या सगळ्या पुस्तिका एकाएकी आठवल्या आणि ती यंत्रं आता कुठे असतील असा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

बायकोनं टेबल पुसून घेतलं, तिन्ही पुस्तकं पुन्हा मांडली आणि या वेळी नुसतंच विचारलं, “कुठलं?”

“हे,” भुंगीनं पातळ पुस्तकावर हात ठेवला.

“का?”

“यात पुढच्या पानावर बर्फ आहे. आणि तिथं बाबा उत्तर लिहायचं विसरलेत.”

मुद्रितशोधकानं कुरकुर करून पाहिली. या पुस्तकात उत्तरंच नाहीत, मग शिकवायचं कसं? बायकोनं विचारलं, की तुम्हाला विज्ञान येतं का? तो म्हणाला, नाही. मग बरंच की, ती म्हणाली, दोघं एकाच वर्गात बसा. तिनं हात पुढे केला आणि तळवा उघडा ठेवून थांबली. त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं खिशातलं लाल पेन काढून तिच्या हातावर ठेवलं. घरातल्या विज्ञानापुरतं ते तिच्या पर्समध्ये राहील, असं ठरलं.

ताई निघाली तेव्हा तिनं रंगीत पुस्तक बरोबर मागून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. दारात चपला घालताना भावजयीला म्हणाली, ती जागा मी सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते, उगाच एक बाक अडवून कशाला ठेवायचा. मग भुंगीच्या डोक्यावर टपली मारून ती जिना उतरली.

रविवारी मुद्रितशोधक खाली मान घालून पुस्तकवाल्याकडे गेला आणि तिन्ही पुस्तकं ठेवून घेतो म्हणाला. पुस्तकवाल्यानं त्याच्या हातातलं जाडं बघायला मागितलं, चार पानं उलटली आणि विचारलं, एवढ्या चुका होत्या यात? मुद्रितशोधक म्हणाला, मेणबत्तीचं पान सोडून. तिथं एकही खूण नाही, खरी चूक तेवढीच आहे. पुस्तकवाल्याला यातलं काही समजलं नाही, पण पुस्तक विकलं गेलं होतं, त्यामुळे त्यानं मान डोलावली.

घरी येऊन त्यानं पातळ पुस्तक घेतलं आणि बायकोच्या परवानगीनं एकदाच पेन्सिल हातात धरली. खोडलेलं पुन्हा हवं असेल तर त्या शब्दांखाली ठिपके द्यायचे, अशी त्यांच्या धंद्यात खूण आहे. ठिपक्यांचा अर्थ, आधी होतं तेच ठेवा. छापखान्यात ती खूण त्याला दुसऱ्यांनी खोडलेल्यासाठी लागे. स्वतः खोडलेल्यासाठी कधी लागली नव्हती. त्यानं एक मेणबत्तीखाली ठिपके दिले, दोनखाली दिले, तीनखाली दिले. समासातलं स्वतःचं सुवाच्य उत्तर मात्र जाईना. शाई चांगल्या प्रतीची होती.

सोमवारी सकाळी बायको पर्स खांद्याला लावून दुकानात गेली. टेबलावर छापखान्याकडून आलेली नवी प्रूफं पडली होती, पाणी तापवायच्या यंत्राची. भुंगीनं त्यांच्यावरच पातळ पुस्तक उघडलं आणि बर्फाचं पान मोठ्यानं वाचलं. पेल्यात बर्फाचा खडा टाका. पेला पाण्यानं काठोकाठ भरा. खडा पाण्याच्या वर डोकावतोय. तो वितळल्यावर पाणी सांडेल का?

त्या ओळीत एक स्वल्पविराम कमी होता. मुद्रितशोधकाचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. सांडणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती; वर डोकावणारा एवढा बर्फ पाणी होऊन जाणार कुठे? उत्तर त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

“बाबा, काय वाटतं?” भुंगीनं विचारलं.

“बघू,” तो म्हणाला. हा शब्द उच्चारायला त्याला बरेच कष्ट पडले.

तिनं पेला आणला, काठोकाठ भरला आणि प्रूफांच्या मधोमध ठेवला. बर्फाचा खडा काठाच्या वर डोकं काढून होता. दोघं हनुवट्या टेबलावर टेकून त्याच्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली. मुद्रितशोधकानं एक एक करून प्रूफं पेल्याच्या आजूबाजूनं सावकाश ओढून घेतली आणि भिजू नयेत म्हणून मांडीवर धरून बसला.